जळगावात तीन रात्री आणि आईची झोप

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मे महिन्यात आईंना डॉक्टरांकडे दाखवायला शिरपूरहून जळगावला यायचंय, तीन रात्री मुक्काम आहे. आईंची झोप इतकी हलकी की कागद वाजला तरी मोडते, आणि झोप झाली नाही की बीपी चढतं. गेल्या वेळी स्टेशनजवळच्या लॉजवर दोघींनी रात्र बसून काढली. खोलीला रात्रीचे अडीच हजारांपर्यंत द्यायची तयारी आहे. तर जळगावात शांत हॉटेल कोणतं?

नाव सांगत नाही. एक तर मी याच धंद्यात आहे, २६ वर्षं झाली, त्यातली पहिली नऊ रात्रपाळीची. मी कुणाचंही नाव घेतलं तरी त्यात माझा मतलब शोधला जाईल. पण खरं कारण वेगळं आहे. ज्या हॉटेलातून २०७ चा पाहुणा सकाळी 'लई दिवसांनी अशी झोप लागली' म्हणत बाहेर पडला, त्याच हॉटेलात त्याच रात्री ३०२ वाला उशी काखोटीला मारून काउंटरवर आलेला मी पाहिलाय. भाडं दोघांचं सारखंच. म्हणून हॉटेलचं नाव विचारत बसू नका, खोली कुठली ते विचारा. आणि तीही त्या तारखेला कशी असेल ते विचारा.

तारखेचं आधी सांगतो, कारण मे महिना म्हणजे आमच्याकडे ऊन आणि लग्नं, दोन्ही टिपेला. भिंतीवरच्या कॅलेंडरात लग्नाचे मुहूर्त छापलेले असतात. तुमच्या तीन तारखा त्यात ताडून बघा, आणि मुहूर्ताच्या दिवसापेक्षा त्याच्या आदल्या रात्रीकडे जास्त लक्ष द्या. लग्न लागतं, जेवणं होतात, मंडळी पांगतात. हळदीच्या रात्रीचं तसं नसतं. आता हळदीलाच डीजे लागतो, आणि तो बंद झाला तरी मंडळी झोपत नाहीत. वऱ्हाडाने हॉटेलातल्या १५-२० खोल्या घेतलेल्या असतात, सगळी दारं उघडी, पोरं कॉरिडॉरमध्ये पळापळी खेळताहेत, एक मावशी या टोकावरून त्या टोकाला 'सेफ्टी पिन शे का व' म्हणून ओरडतेय. यात कुणाचा दोष नाही. लग्नघरच ते. पण त्या मजल्यावर तुमच्या आईंची खोली नको.

आणि म्हणून एक गोष्ट सांगतो जी बऱ्याच लोकांना उलटी वाटते. जास्त पैसे दिले म्हणजे जास्त शांतता, असं खानदेशात तरी धरून चालू नका. आमच्याकडच्या मोठ्या हॉटेलांचा पैसा खोल्यांवर कमी आणि लॉन, हॉल, बँक्वेटवर जास्त निघतो. चकचकीत लॉबी, मागे हिरवंगार लॉन, फोटो बघून तुम्ही खूश. आणि त्याच लॉनवर रात्री स्टेज. त्यापेक्षा आतल्या गल्लीतला, हॉल नसलेला, बार नसलेला, वीस-पंचवीस खोल्यांचा साधा लॉज पुष्कळदा बरा. तुमच्या बजेटमध्ये तेच बसतं, म्हणजे तुमचं बजेट इथे तुमच्या बाजूचं आहे.

आता आवाजाबद्दल. मी काही इंजिनिअर नाही, पण रात्री दोन वाजता तक्रारी ऐकून ऐकून एक पक्कं कळलंय: आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कसा येतो यावर झोप अवलंबून असते. एकसुरी आवाज माणूस पचवतो. कूलरची घरघर, पंख्याचा वारा, लांबच्या रस्त्याचा अखंड हुंकार, याची कानाला अर्ध्या तासात सवय होते. झोप मोडते ती तुटक आवाजाने: दार आपटलं, हॉर्न वाजला, कुणी खुर्ची ओढली, नळ टपकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच दोन वेगळे आकडे आहेत. झोपण्याच्या खोलीत रात्रीचा सरसकट आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि अधूनमधून येणारा एखादा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. शहरातल्या लॉजवर ३० डेसिबल म्हणजे स्वप्नच, ते सोडून द्या. ४५ चे दणके टाळणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

रात्रपाळीतली एक रात्र सांगतो. मेचाच महिना. तिसऱ्या मजल्यावरचा एक म्हातारा पाहुणा, भुसावळकडचा निवृत्त रेल्वेवाला, पावणेदोनला खाली आला. म्हणाला, खोलीत घड्याळ आहे, बंद करा. खोलीत घड्याळ नव्हतंच. मी वर गेलो, त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा बंद केला आणि त्यांच्या पलंगावर आडवा झालो. पहिली दोन मिनिटं काहीच नाही. मग ऐकू यायला लागलं. टप्प. थोडं थांबून, टप्प. खिडकी उघडून खाली टॉर्च मारला. वरच्या मजल्यावरच्या एसीची पाण्याची नळी मोकळी लोंबत होती, आणि तिचं पाणी थेंबाथेंबाने खालच्या दुकानाच्या पत्र्यावर पडत होतं. रात्रीच्या शांततेत पत्रा डफासारखा वाजत होता. मी स्वयंपाकघराच्या मागून कांद्याचं एक रिकामं गोणपाट आणलं, ओलं केलं आणि खिडकीतून नेम धरून त्या पत्र्यावर टाकलं. आवाज गेला. ज्या माणसाचं आयुष्य भुसावळच्या यार्डात इंजिनांच्या शिट्ट्या ऐकत गेलं, त्याला त्या थेंबाने जागं ठेवलं होतं. आमचा जुना वॉचमन तेव्हा म्हणाला, "गाडीना आवाजनी त्यासले सवय शे, टिपकानी नई."

तेव्हापासून मी खोली तपासायची झाली की आधी पलंगावर आडवा होतो. उभ्याने ऐकलं तर ऐकू येत नाही.

जळगावातला कुठला भाग, हे आता. स्टेशनजवळचा तुमचा अनुभव बरोबरच आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारी मुख्य लाइन आणि सुरतेकडून येणारी लाइन, दोन्ही जळगावला मिळतात, त्यामुळे रात्रभर गाड्या, त्यात मालगाड्या वेगळ्या. पण खरं सांगू का, स्टेशनसमोर झोप मोडते ती गाडीने कमी आणि गाडी आल्यावर रिक्षावाल्यांच्या हाकांनी, चहाच्या टपऱ्यांनी, बॅगा ओढणाऱ्यांनी जास्त. गाडी निघून जाते. तिच्यातून उतरलेली माणसं पंधरा मिनिटं खाली रेंगाळतात. तेव्हा स्टेशनचा दर्शनी रस्ता सोडायचा. दोन गल्ल्या आत गेलं की चित्र पालटतं.

नवी पेठ, फुले मार्केटची बाजू दिवसा बघितली तर कुणी म्हणेल इथे राहणं अशक्य. पण बाजारपेठेची एक गंमत असते: शटर पडली की ती मरते. रात्री साडेदहानंतर आतल्या गल्ल्यांत कुत्रंसुद्धा कंटाळलेलं असतं. दिवसभर तुम्ही दवाखान्यात असणार, खोली लागणार रात्री. मग दिवसाच्या गोंगाटाला कशाला भ्यायचं? फक्त खोलीखाली दूध, फुलं किंवा नाश्त्याचं दुकान नको. पोहे-कचोरीवाल्याची भट्टी पाच-साडेपाचला पेटते आणि त्याचं झाऱ्याने कढई वाजवणं म्हणजे गजरच.

याच्या बरोबर उलटं महामार्गाचं. हायवेवरचं हॉटेल, मोकळी हवा, मोठं पार्किंग, शिरपूरहून येणाऱ्या गाडीला सोयीचं, म्हणून लोक तिकडे जातात. धुळ्याकडून भुसावळकडे जाणारा रस्ता रात्री झोपत नाही. रावेर-सावद्याची केळी, एमआयडीसीतली डाळ, पाइप, सगळं रात्रीच हलतं. अजिंठा चौफुलीला तर चारी बाजूंचे ट्रक थांबतात, वळतात, पुन्हा गिअर टाकून निघतात. सरळ धावणारा ट्रक त्या मानाने परवडतो. गतिरोधकापाशी ब्रेक मारून पुन्हा उठणारा ट्रक झोपेचं वाटोळं करतो. तुम्हाला हायवेवरच थांबणं भाग असेल तर निदान नकाशावर बघा, हॉटेलच्या पुढ्यात चौक, गतिरोधक किंवा पेट्रोल पंप आहे का. रस्त्यापासून अंतर दुप्पट केलं तर आवाज जेमतेम ३ डेसिबल उतरतो, कानाला कळलाच तर जेमतेम कळतो. 'रोडपासून थोडं आत आहे' या म्हणण्याला म्हणून फार अर्थ नाही. मधे एखादी इमारत आडवी असेल तर मात्र पुष्कळ फरक पडतो. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, आणि मधली भक्कम इमारत तेवढं सहज करते. हॉटेलची स्वतःची इमारतसुद्धा, मागच्या खोल्यांसाठी.

महाबळ, मेहरूण ही वस्तीची बाजू रात्री शांत असते. तिकडचे त्रास वेगळे. मेमध्ये लोक गच्चीवर झोपतात, म्हणजे साडेअकरापर्यंत गच्चीवरच्या गप्पा. पहाटे कुत्री, आणि जवळ देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा असला तर तो. पण दवाखाना त्या बाजूला असेल तर मी तिकडेच बघेन. जाता जाता: दवाखाना, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे पाटी दिसते. त्या पाटीच्या भरवशावर खोली घेऊ नका. पाटीखालीच रिक्षा हॉर्न वाजवते.

एवढ्यात कुणी म्हणेल, कशाला हॉटेल, जळगावात तुमचे नातेवाईक नसतील का? असतील. त्यांच्याकडे आवाज कमी असेल, पण रात्री बारापर्यंत आईंना 'काय म्हणे डॉक्टर' याची उत्तरं द्यावी लागतील.

भाग ठरला की इमारत. सगळे म्हणतात वरचा मजला घ्या. मी नाही म्हणत. वर गेलं म्हणून रस्त्याचा आवाज जात नाही, समोर अडथळा नसेल तर तो तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत आरामात चढतो. शिवाय सगळ्यात वरच्या मजल्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी असते, पहाटे पाचला मोटर सुरू होते, टाकी भरली की वरून पाणी सांडायला लागतं. पुष्कळ जुन्या इमारतींत लिफ्टचं मशिनही वरच असतं. आणि मेमध्ये जळगावचा स्लॅब. दिवसभर ४४ डिग्रीत तापलेला स्लॅब पहाटेपर्यंत आग ओकतो, एसी एक मिनिट बंद पडत नाही. सगळ्यात खालचा मजला घ्यावा तर काउंटरचा फोन, पार्किंग, स्वयंपाकघर. म्हणून मधला मजला, मागची बाजू, लिफ्ट आणि जिन्यापासून लांब, पण कॉरिडॉरच्या अगदी टोकाला असेल तर पलीकडे सर्व्हिस जिना नाही ना एवढं बघून.

'मागची बाजू' हा शब्दही नुसता पुरत नाही. मागे काय आहे ते विचारायचं. मी नवा असताना एका जोडप्याला मोठ्या विश्वासाने मागची 'एकदम शांत' खोली दिली. रात्री वीज गेली, आणि त्यांच्या खिडकीखालचा आमचा जनरेटर सुरू झाला, बिनपेटीचा, उघडा. सकाळी ते काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. तो बघितलेला चेहरा अजून आठवतो. २००५ नंतर बनलेल्या साध्या डिझेल जनरेटरला आवाजरोधक पेटी लागते आणि एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, तरी ७५ म्हणजे खिडकीखाली थोडे नाहीत. उन्हाळ्यात वीज जाणारच, तेव्हा जनरेटर कुठे ठेवलाय हे विचारणं म्हणजे किरकिरेपणा नाही.

आणखी एक जागा म्हणजे डक्ट. जुन्या लॉजमध्ये बाथरूमच्या खिडक्या एका उभ्या पोकळीत उघडतात, सगळ्या मजल्यांच्या. त्या पोकळीत तळमजल्यावर कुणी खाकरलं तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं. पहाटेची गाडी पकडणारे साडेतीनला आंघोळी करतात, बादल्यांचा आवाज होतो. उपाय सोपा आहे, बाथरूमचं दार रात्री घट्ट लावून घ्यायचं आणि दाराखालच्या फटीत पंचा कोंबायचा. हाच पंचा खोलीच्या मुख्य दाराखालीही लागतो. लोक भिंती बघतात, पण आवाज येतो फटीतून. नुसती खिडकी किलकिली ठेवली तरी बाहेरचा आवाज जेमतेम १५ डेसिबल अडतो. तीच खिडकी नीट बंद होत असेल तर बराच जास्त. म्हणून खिडकीची काच दुहेरी आहे का हे विचारण्यापेक्षा खिडकी पूर्ण लागते का हे स्वतः लावून बघा. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा रबर निघालेला असतो, आणि ट्रक गेला की काच थरथरते. कागदाची घडी करून फटीत खुपसली की थरथर थांबते. हे मी किती खोल्यांत केलं असेल याला गणती नाही.

अगदीच झोप हवी आणि बाकी काही नको असेल तर बिनखिडकीची आतली खोली सगळ्यात शांत. कुणी सुचवत नाही कारण ती विकायला अवघड. पण मेमध्ये वीज गेली तर तिथे जीव घुसमटेल, आणि तुमच्या आईंना बीपी आहे. तुमच्यासाठी नको.

फोन कधी आणि कसा करायचा, हे आता सांगतो. बुकिंग अॅपवर 'शांत खोली हवी' असं लिहिता येतं. ते लिहिलेलं काउंटरवरच्या माणसापर्यंत पोचतंच असं नाही, आणि पोचलं तरी खोल्या वाटताना तो ते बघतोच असं नाही. थेट फोन करा, दुपारी तीन-चारच्या सुमारास. बारापर्यंत चेकआउटची घाई असते, संध्याकाळी येणाऱ्यांची. दुपारी माणूस निवांत असतो. 'शांत आहे का?' असं विचारू नका. त्याचं एकच उत्तर आहे, "मॅडम, आपल्याकडे सगळ्या रूम शांत." ज्याचं उत्तर 'हो-नाही'त देता येत नाही असं विचारा. खिडकी कुठे उघडते? खाली काय आहे? वर काय आहे? शेजारी मंगल कार्यालय किती लांब? त्या तारखेला मोठं बुकिंग कुणाचं आहे? जनरेटर कुठे? तुमच्याकडे परमिट रूम आहे का, आणि तो किती वाजता बंद होतो? काउंटरवरचा माणूस चांगला असेल तर तिसऱ्या प्रश्नाला त्याचा आवाज बदलतो. त्याला कळतं की समोरच्याला माहिती आहे. मग तोच म्हणतो, "तुम्ही असं करा, २०४ घ्या." तो नंबर लिहून घ्या, त्याचं नाव लिहून घ्या, आणि निघायच्या दिवशी सकाळी त्याच नावाने परत फोन करा. आई आजारी आहे, झोप हलकी आहे, हे सरळ सांगा. आमच्या धंद्यात माणसं वाईट नसतात, विसराळू असतात.

आणि मग एक फोन रात्री साडेअकराला करा. काहीतरी किरकोळ विचारा, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं वगैरे. उत्तराकडे लक्ष देऊ नका, त्याच्या मागे काय वाजतंय ते ऐका. टीव्ही, भांडी, बारमधला कलकलाट, बाहेरचा हॉर्न, सगळं फोनमधून येतं. शक्य असेल तर हा फोन लग्नाच्या तारखेच्या आदल्या रात्री करा, म्हणजे वाईटात वाईट काय ते कळेल.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायचे तर पाच ताऱ्यांचे सोडा. दोन-तीन ताऱ्यांचे काढा, त्यात आवाज, बँड, लग्न, ट्रक हे शब्द शोधा, आणि महिना बघा. जुलैत लिहिलेलं 'अतिशय शांत' हे मेसाठी कामाचं नाही. हिवाळ्यात अजिंठ्याला जाणारे पाहुणे असतात, इथून लेणी साधारण ६० किलोमीटर, ते सकाळी लवकर बॅगा ओढत निघतात. लेणी सोमवारी बंद म्हणून रविवारची रात्र त्या दिवसांत मोकळी जाते. तुमच्या मेमध्ये त्यांचा प्रश्न नाही. फोटोंतही एक बघा. सगळ्या फोटोंत पडदा ओढलेला असेल तर खिडकीबाहेर दाखवण्यासारखं काही नाही, बहुतेक डक्ट किंवा शेजारची भिंत. भिंत असेल तर तुमच्यासाठी ती वाईट बातमी नव्हे, डक्टचं मात्र वर सांगितलंच आहे.

पोचल्यावर घाई करू नका. आधार कार्ड, पैसे, रजिस्टर नंतर. आधी खोली बघू द्या म्हणायचं. कुठलाही बरा मॅनेजर नाही म्हणत नाही. वर गेल्यावर दार लावा, पंखा बंद, एसी बंद, आणि पलंगावर आडव्या होऊन दोन मिनिटं नुसत्या ऐका. मग एसी लावून बघा. व्होल्टेज वरखाली झालं की जुना स्टॅबिलायझर 'टक' करतो, रात्रीत पन्नास वेळा करतो. खोलीत छोटा फ्रिज असला तर त्याची पिन काढून ठेवा. बॅगा घेऊन आलेल्या पोऱ्याला वीस-तीस रुपये देऊन विचारा, "दादा, या मजल्यावर कुठल्या रूमचे पाहुणे कधी तक्रार करत नाहीत?" मॅनेजरपेक्षा त्याला जास्त माहीत असतं, कारण रात्री वर तोच पळतो. खोली बदलायची तर तेव्हाच, चादर मोडायच्या आत. अर्ध्या तासानंतर बदल मागितला की आमचं तोंड वाकडं होतं, कारण दोन खोल्या धुवाव्या लागतात.

पिशवीत टाकायच्या वस्तू थोड्याच. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. ते नुसते कानात खोचले तर काही उपयोग नाही. बोटांत वळून बारीक वात करायची, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचं, मग ते फुगून बसतात. आईंना कानाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साधा कापूस घालून फारसं काही होत नाही, मनाचं समाधान. दुसरं म्हणजे पंखा. एसी असला तरी पंखा एकवर फिरता ठेवा, त्याचा एकसुरी आवाज बाहेरच्या तुटक आवाजांवर पांघरूण घालतो. एसी नसलेल्या खोलीत कूलर असेल तर उत्तमच, फक्त त्याची जाळी खडखडत नाही ना बघा.

एवढं करूनही रात्री शेजारी हळद निघाली तर? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद असायला हवा. राज्य सरकार वर्षातून मोजके, जास्तीत जास्त १५, दिवस सणासमारंभासाठी बारापर्यंत मुभा देतं, त्यात खासगी लग्न बसत नाही. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहा वाजून गेले की ११२ ला फोन करता येतो. पण माझं ऐकाल तर आधी खाली मॅनेजरला सांगा आणि फोन त्यालाच करायला लावा. त्याची कार्यालयवाल्याशी रोजची ओळख असते, पोलीस येईपर्यंत अर्धं काम त्याच्या एका फोनने होतं. आणि वऱ्हाड आपल्याच हॉटेलात असेल तर त्यांच्यातली एखादी वयस्कर बाई गाठून 'माझ्या आईची उद्या तपासणी आहे' एवढं सांगा. तिच्या एका हाकेत पोरं गप्प होतात, आमच्या मॅनेजरच्या दहा विनंत्यांनी होत नाहीत.

कधी काम धुळ्याला निघालं तर जुना आग्रा रोड टाळा, तिथल्या नंबरच्या गल्ल्यांत आत किंवा पांझरेपलीकडे देवपुरात बघा. भुसावळला पळवाट नाही. नागपूरकडची आणि इटारसीकडची, दोन्ही लाइनी तिथेच फुटतात. तिथे लांब खोली शोधण्यात वेळ घालवू नका, खिडकी नीट लागणारी खोली घ्या आणि पंखा फिरता ठेवा. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा असते, तुमचा मे त्यात सापडू शकतो. त्या दिवसांत तिकडे मुक्काम नकोच.

आणि शेवटचं, जे पुष्कळ जण विसरतात. रात्र चांगली गेली आणि सकाळी सहाला दारावर थाप पडली, "मॅडम, चहा!" आमच्याकडे हा पाहुणचार समजला जातो, न विचारता. आदल्या रात्री काउंटरवर सांगून ठेवा की २०४ ला सकाळी कुणी दार वाजवायचं नाही, चहा लागला तर आम्ही फोन करू. आणि नुसतं काउंटरला नको, चहावाल्या पोऱ्यालाही सांगा. रात्रीचा माणूस सहाला घरी जातो, निरोप त्याच्याबरोबर जातो.